चार भिंती मंजूर

माझ्या धाकट्या जाऊबाईस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

धाकटे, इकडे आम्ही सगळी धड आहोत. म्हणजे ज्याचं जे दुखत होतं ते त्याचं तेच दुखतंय, नवीन भर काही नाही. तू तुझं कळव. डोळ्यावरचा पडदा काढलास असं ऐकलं. आता म्हणे सगळं लख्ख दिसतं. मग तुझ्या सुनेच्या घरातली जळमटंही दिसायला लागली असतील. दिसली तरी बोलू नकोस, डोळे नवे आहेत, जरा जपून वापर. माझे गुडघे तसेच. उठताना एक बोलतो, बसताना दुसरा, आणि जिना बघितला की दोघं मिळून ओरडतात. डॉक्टर म्हणाला वय झालं. मी म्हटलं, ते मला माहीत होतं, तुमची फी कशाची? तर हसला आणि पुन्हा या म्हणाला.

हे पत्र सूनबाई लिहून घेतेय. अक्षरांशी माझी सोयरीक कधी जुळली नाही हे तुला मी सांगायला नको. तू चार बुकं शिकून आलीस आणि मी नुसतीच आले. मी सांगेन तसंच्या तसं लिहायचं, मधे आपली अक्कल घालायची नाही, असं आमचं ठरलंय. (ठरलेलं नाही, सासूबाईंनी ठरवलंय. काकू, नमस्कार. — सूनबाई.) आता मी वाक्य संपवून पाणी प्यायले तरी हिचा पेन चालूच होता, म्हणून विचारलं काय खरडलंस, तर तिने वाचून दाखवलं. बघ. पहिल्याच पानावर घातली. असू दे, खोडू नकोस म्हटलं, खाडाखोड झालेलं पत्र म्हणजे आमच्या घराचा नकाशा वाटायचा.

तर आता नकाशाचंच सांगते. तुझ्या पुतण्याने नवं घर बांधायचं काढलंय. जुनं घर आणि तुझं अंगण यांच्यामधे जी आपली मोकळी जागा आहे ना, तिथे नवं उभं करायचं, तोवर जुन्यात राहायचं आणि मग जुनं पाडायचं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर सगळ्यांच्या खोल्या. आणि खालची ती एक खोली कुणाची? माझी! मला वर चढवत नाही म्हणून. आत न्हाणीघर, आतच संडास. धाकटे, तुला खोटं वाटेल, पण मुलाने हे सांगितलं तेव्हा मला काही बोलायलाच सुचेना. (हे मात्र खरं आहे. सगळे घाबरलो होतो. — सूनबाई.) अगं, माहेरी आम्ही बहिणी एका ओळीत झोपायचो, कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून. लग्न होऊन आले तर घरात माणसंच माणसं, आणि आता किती वर्षं हॉलमधल्या दिवाणावर. टीव्ही बंद झाला की माझी रात्र, दूधवाला आला की माझी सकाळ. पाहुणे आले की ते माझ्या पायाशी बसतात आणि उठेपर्यंत मला पाय लांब करता येत नाहीत. या एवढ्या जन्मात, ओढून घेता येईल असं एक दार मला मिळालेलं नाही. फार काय करणार होते दार लावून? काही नाही. आत बसले असते आणि बाहेरून कुणी हाक मारली तर थोडा वेळ ओ दिली नसती. एवढंच.

'घर पाहावं बांधून' असं ज्याने कुणी म्हटलं त्याला नकाशा मंजूर करून घ्यावा लागला नसणार, नाहीतर तो बांधण्यापर्यंत पोचलाच नसता. आधी एक नकाशावाला गाठावा लागतो. आमचा नकाशावाला इस्त्रीच्या दुकानाच्या माडीवर बसतो. बारीक माणूस, कानावर पेन्सिल, हातात खोडरबर, आणि तोंडात एकच शब्द, 'बरं'. जिना इकडून घ्या म्हटलं, बरं. नको, तिकडून घ्या म्हटलं, बरं. रबर चालवतो, रेघ मारतो, फुंकर घालतो, झालं. असा गुणी माणूस मी पाहिला नव्हता. आमच्या घरातल्या पुरुषांना याच्याकडे शिकायला ठेवावं असं माझ्या मनात आलं होतं. पुढे याच गुणाने आमचं काय केलं ते ऐक.

पहिला नकाशा पालिकेच्या कार्यालयात गेला आणि परत आला. का, तर त्यात गाडी नाही. आता आमच्याकडे गाडी नाही, पूर्वी नव्हती, पुढे येईल असं लक्षण नाही. मुलगा साहेबांना म्हणाला, साहेब, गाडी नाहीये. साहेब म्हणाले, गाडी नसू दे, जागा हवी. मग पुढच्या बाजूला, जिथे मी चार कुंड्या ठेवणार होते, तिथे गाडीची जागा काढली. चांगली ऐसपैस. घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा न आलेल्या गाडीला जास्त जागा मिळाली. त्या गाडीने हॉलला मागे ढकललं, हॉलने स्वयंपाकघराला ढकललं, आणि ढकलाढकलीत जी सगळ्यात मागे असते तिला भिंतीला लागावं लागतं. माझी खोली जाऊन टेकली थेट तुझ्या हद्दीला. नियम असा की शेजाऱ्याच्या हद्दीला टेकलेल्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही. फक्त वर एक झरोका, कबुतराला पुरेल एवढा. मुलगा म्हणाला, आई, चालेल ना? मी म्हटलं चालेल की, बाकीच्या तीन बाजू आहेत. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे याच वाक्याला तू हसशील.

मग कार्यालयातून एक मोजणीचे गृहस्थ आले. गल्ली किती रुंद आहे ते मोजायला, कारण गल्ली रुंद असेल तरच वर मजला, नाहीतर नाही. टेपचं एक टोक धरायला त्यांना माणूस हवं होतं. मुलगा कामावर, सूनबाई गॅसपाशी, नातीची संगणकावर मीटिंग. मी म्हटलं द्या इकडे, टोक धरायला अक्षर यावं लागत नाही. धरलं. ते पलीकडच्या कुंपणाला जाऊन उभे. इतक्यात एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि मी आपली भल्या माणसासारखी मागे सरकून फाटकाच्या आत झाले, टेप हातातच. गृहस्थ तिकडून ओरडले, घट्ट धरलंय ना? मी म्हटलं, घट्ट. त्यांनी आकडा लिहिला आणि खूश होऊन गेले. मजला मंजूर. आता मी मागे सरकले हे मी सांगायला हवं होतं का? त्यांनी घट्ट धरलंय का विचारलं, कुठे धरलंय असं विचारलंच नाही. (सासूबाई, हे पत्रात नको. — सूनबाई.) लिही गं, धाकटी काय साहेबाला वाचून दाखवणार आहे?

असं एकेक करत शेवटी मंजुरी आली. नकाशावर गोल जांभळा शिक्का. मुलाने नकाशा हॉलमधे पसरला आणि आम्ही सगळे शिक्क्याभोवती बसून चहा प्यालो. नकाशाकडे कुणी बघितलं नाही हे आता कळतंय. बाळाची पाचवी पुजतात तेव्हा तरी बाळाकडे कुणी बघतं का, तसंच. सगळे म्हणाले छान झालं. मीही म्हटलं छान झालं. मला तर काय, रेघा आणि शिक्का, सगळं सारखंच.

मग ठेकेदार आला आणि मोकळ्या जागेवर चुन्याची फक्की टाकून त्याने घर आखलं. जिथे भिंत तिथे पांढरी रेघ, जिथे दार तिथे रेघ तोडलेली. अगदी मजा गं धाकटे. चपला काढून आम्ही नसलेल्या घरात शिरलो. मुलगा हॉलमधे जाऊन पाय पसरून उभा राहिला. सूनबाईने स्वयंपाकघरात ओटा कुठे येईल तिथे हात फिरवला. नातीने जिन्याच्या पायथ्याशी आपलं टेबल कुठे बसतं ते बघितलं. पोरीने घरून काम करायचं म्हणून जिन्यालगतच्या बोळात टेबल मागून घेतलंय. आणि मला म्हणाले, आजी, तुझी खोली. दिवाणाशेजारची माझी खुर्ची आणून मधोमध ठेवली. मी रेघ ओलांडून आत गेले आणि बसले. काय सांगू, वर आभाळ, खाली माती, पण चार बाजूंनी पांढरी रेघ आणि आत फक्त मी. मी पाय लांब केले. दिवसाउजेडी, चारचौघांत, पाय लांब केले!

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. आता ही किती टापटिपीची ते तुला ठाऊक आहे. पायाला चुना लागेल म्हणून ती रेघेवरून येईना, दारातूनच येणार. हॉलच्या बाजूने गेली, रेघ अखंड. वळसा घालून बोळाच्या बाजूने आली, अखंड. स्वयंपाकघरातून बघितलं, अखंड. तुझ्या अंगणाच्या बाजूला तर दार नाहीच हे ठरलेलं. कप हातात घेऊन ही माझ्याभोवती फेऱ्या घालतेय आणि मी मधे बसलेय. मी म्हटलं, अगं, निवेल तो चहा, काय चाललंय तुझं? तर ही म्हणते, सासूबाई, तुम्ही आत कशा गेलात?

ठेकेदाराने नकाशा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. चुना बरोबर होता. नकाशातच खोलीला दार नव्हतं. न्हाणीघराला होतं, ते खोलीत उघडतं. त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की आहे, दार आहे. म्हणजे न्हाणीघरातून मला खोलीत येता आलं असतं. न्हाणीघरात कशी जाणार होते ते तेवढं राहिलं.

मग सुरू झालं. मुलगा म्हणाला, हे कुणी केलं? आणि हे विचारताना त्याने जसा चष्मा पुसला ना, तिथेच मी ओळखलं. लहानपणी डबा पालथा केल्यावर असाच डोळे पुसायचा. नकाशावाल्याला बोलावलं. तो आला, कानावर पेन्सिल. त्याने शांतपणे सांगितलं. आधी खोलीचं दार हॉलमधे होतं. मग साहेब एकटे आले (साहेब म्हणजे माझा मुलगा) आणि म्हणाले, त्या भिंतीला सोफा आणि टीव्ही हवाय, दार दुसरीकडे घ्या, घरात बोलू नका. म्हणून दार स्वयंपाकघरात घेतलं. मग बाई एकट्या आल्या आणि म्हणाल्या, तिथे कपाट हवंय, दार दुसरीकडे घ्या, घरात बोलू नका. म्हणून दार बोळात घेतलं. मग ताई एकट्या आल्या. मुलगा म्हणाला, अहो, मग सांगायचं नाही का आम्हाला? नकाशावाला म्हणाला, घरातल्या गोष्टी मी घरातल्यांना सांगत नाही. तोच तर माझा धंद्यातला नियम आहे. मुलगा म्हणाला, आणि शेवटी कुठे दार काढायचं ते तरी? तो म्हणाला, ताई म्हणाल्या दुसरीकडे घ्या. मी वाट बघत होतो, दुसरं कोण येतंय ते.

तिघंही चुन्याच्या रेघेबाहेर मान खाली घालून उभी, आणि मी आत, खुर्चीत, न्यायाधीशासारखी.

आता कारणं ऐक. सोफ्याचं खरं नाही, मी घोरते आणि पाहुण्यांना ऐकू जाईल हे खरं. घोरते तर घोरते. त्याच्या वडिलांनी कधी तक्रार केली नाही, ते माझ्या वरताण होते. नातीचं कारण मला पटतं. एकदा तिच्या मीटिंगमधे तिच्या मागून मी केसांना तेल चोपडून वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन गेले, तर तिच्या साहेबांनी विचारलं, या कोणत्या विभागात असतात? पोरगी चार दिवस बोलत नव्हती. आणि सूनबाईचं कारण असं की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. मी काही बोलत नाही हं. नुसती बघते. (कशा बघतात ते लिहायला हे पत्र पुरणार नाही. — सूनबाई.) असू दे. मी हिच्या जागी असते तर मीसुद्धा कपाटच ठेवलं असतं, आणि वर कुलूप लावलं असतं.

कुणी वाईट नाही गं यात. प्रत्येकाला वाटलं, आपल्या बाजूला नको, बाकीच्या दोन आहेतच की. माझ्यावर माया सगळ्यांची. फक्त ती दुसऱ्याच्या भिंतीतून आत यावी एवढंच म्हणणं.

मुलाने तोडगा काढला. म्हणाला, आई, मंजूर नकाशाप्रमाणेच बांधावं लागतं, नाहीतर पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही. मग असं करू, आधी खोली अशीच बांधू, दाखला घेऊ, आणि मग भिंत फोडून सावकाश दार काढू. मी म्हटलं, आणि तोवर? तो म्हणाला, तोवर तू हॉलमधेच की. धाकटे, 'तोवर' हा शब्द मी सून होऊन आल्यापासून ऐकतेय. तोवर इथे झोप, तोवर असं चालवून घे, पोरं मोठी होतील तोवर, पोरांची लग्नं होतील तोवर. आता मी कुणाच्या तोवर थांबू? मी म्हटलं, चल, साहेबांकडे, मी येते.

म्हणून आम्ही सगळे कार्यालयात गेलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाक, बाकावर माणसं आणि प्रत्येकाच्या मांडीवर गुंडाळी केलेला नकाशा, जशी तान्ही पोरं घेऊन दवाखान्यात बसलीत. कुणाच्या बाळाला जिना कमी पडतो, कुणाच्याला नाला आडवा येतो. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, तुमचं काय अडलंय? मी म्हटलं, आमचं मंजूर झालंय. त्यांनी बाकावर सरकून मला जास्तीची जागा दिली.

साहेब माणूस चांगला. मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, आजी, मंजुरी मिळालीय, आता आनंद माना. मी म्हटलं, साहेब, मानते की, पण खोलीत जाऊन मानावा म्हणते. त्यांनी नकाशा मागवला. बोट फिरवत फिरवत आत येत होते, गाडीची जागा, हॉल, बोळ, पुन्हा हॉल, स्वयंपाकघर. मग थांबले. मी विचारलं, साहेब, तुम्ही हे मंजूर कसं केलंत? ते म्हणाले, आजी, आम्ही तपासायचं ते सगळं तपासलं. उंची बरोबर, सांडपाणी बरोबर, झरोका आहे. खोलीत हवा जाते का, याचा आमच्याकडे रकाना आहे. माणूस जातो का, याचा नाही.

पण मग ते म्हणाले, सुधारित नकाशा द्या, दार दाखवा, मी लवकर करून देतो. सांगा, कुठल्या भिंतीत? आणि धाकटे, मुलगा पंख्याकडे बघतोय, सूनबाई पर्समधे काहीतरी शोधतेय, नात फोनमधे. साहेबाला कळलं. तोही घरचाच माणूस, त्याच्याही घरी भिंती असणार. तो म्हणाला, चौथी भिंतही होऊ शकते. हद्दीच्या पलीकडचा मालक लेखी ना हरकत देत असेल तर तिकडे दार काढता येतं. हद्दीपलीकडे कोण आहे? मी म्हटलं, माझी धाकटी जाऊ. राहते मुलाकडे, पण घर-अंगण तिचं आहे.

तिघं एकदम उजळली! मुलगा म्हणाला, साहेब, हेच बरं. सूनबाई म्हणाली, काकू नाही म्हणायच्याच नाहीत. नात म्हणाली, आजी, सुटलं बघ. सुंठेवाचून खोकला गेला. परत येताना रिक्षात सगळी गात होती म्हण ना. (कुणी गात नव्हतं. — सूनबाई.)

मी मनात दार काढून बघत होते. सूनबाई, आता नीट लिही. दार तुझ्या अंगणात उघडणार. म्हणजे सकाळी उठले की मी बाहेर पडणार ती तुझ्या अंगणात. तिथून तुझ्या नळावरून, तुझ्या बंद घराच्या पायऱ्यांपुढून, तुझं फाटक उघडून गल्लीत. गल्लीतून आमच्या फाटकात, न आलेल्या गाडीच्या जागेतून हॉलमधे, आणि मग स्वयंपाकघरात चहाला. म्हणजे जे स्वयंपाकघर माझ्या उशापलीकडे, तिथे पोचायला काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी चालेन बापडी जमेल तशी. पण गुडघे बोलायला लागले की चहा माझ्याकडे यायला लागणार. जेवण यायला लागणार. पावसात छत्री धरून, ताटावर ताट ठेवून, गल्लीतून, सगळ्या शेजारपाजाऱ्यांच्या देखत, दोन वेळा. लोक विचारणार, कुठे निघालात? तर सासूबाईंना वाढायला. का बाई, वेगळ्या झाल्या का? (हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. — सूनबाई.)

मला विचारशील तर माझी काही तक्रार नाही. माझं दार, माझा उंबरा. मुलगा आला तर तुझ्या फाटकातून येणार आणि कडी वाजवणार. मी आतून विचारणार, कोण आहे? अगं, माझ्या पोराला 'कोण आहे' विचारायची संधी मला आजवर कुठे मिळाली? मग मी सवडीने उठणार. तुझ्या अंगणात खुर्ची टाकून बसेन, तुझी पानं झाडीन, आणि तुझ्या घराला कुलूप असलं तरी लोक म्हणतील जावेला जाऊ धरून आहे.

तर असं आहे सगळं. काम सध्या थांबलंय. चुन्याच्या रेघा वाऱ्याने फिकट झाल्यात, माझी खुर्ची मात्र मी तिथेच ठेवलीय. उन्हं उतरली की जाऊन बसते. घरातले आता हाक मारायला रेघेपाशी येऊन थांबतात, ओलांडत नाहीत. चांगली सवय लागतेय.

मुलांना, नातवंडांना आशीर्वाद. डोळ्यात थेंब घालत जा आणि उगीच बारीक अक्षरं वाचत बसू नकोस. हे पत्र सोडून.

तुझी,
थोरली
(अंगठा मी उठवलाय, शाई पुसून हात धुतले आहेत.)

ता. क. पत्राचं कारण सांगायचं राहिलंच. सोबत ना हरकतीचा कागद घातलाय. नकाशावाल्याने लिहून दिला. 'माझ्या हद्दीकडील भिंतीत दार काढण्यास माझी हरकत नाही' एवढंच आहे त्यात. त्याच्यावर तुझी सही करून उलट टपाली पाठव. मला अंगठा आहे, तुला सही आहे, त्याचा आज तरी उपयोग कर.

दुसरा ता. क. वरचं लिहून सूनबाईने पेन ठेवला आणि आत गेली. आतून बराच वेळ कुजबूज ऐकू आली, मग मुलाचा आवाज चढला, मग हिचा चढला, मग त्याचा उतरला. आता बाहेर येऊन म्हणते, दार स्वयंपाकघराच्या भिंतीत काढू, कपाट दुसरीकडे जाईल. अटी घातल्यात: दार सरकतं असेल, आणि तिचा स्वतःचा चहा पिऊन होईपर्यंत मी ते सरकवायचं नाही. मी म्हटलं, आणि सरकवल्यावर? म्हणते, सरकवल्यावर आत या, बाजूला उभ्या राहून बघू नका, स्टूल ठेवते, बसून बघा. मी मान्य केलं. कडी माझ्या बाजूने असेल हे मी घालून घेतलं. नकाशावाल्याला निरोप गेला. तो बरं म्हणाला. तेव्हा तुझ्या अंगणावर मी आता येत नाही, तुझी पानं तूच येऊन झाड.

तिसरा ता. क. पण सही पाठवच. सूनबाईचा शब्द पक्का आहे, मी तिला आजची ओळखत नाही. पण शब्दावर जांभळा शिक्का नसतो. साहेब सुधारित नकाशा मंजूर करेपर्यंत आणि सुताराने दार उभं करून मी ते आतून लावून बघेपर्यंत, तुझा कागद माझ्या उशीखाली राहील. कुणी पुन्हा एकटं त्या इस्त्रीच्या माडीवर गेलं तर काढायला बरा. (लिही, लिही, थांबू नकोस सूनबाई.)

(लिहिलं. काकू, एक माझंही: त्या कागदाच्या दोन प्रती पाठवा, दोन्हींवर सही करून. तीच भिंत वरच्या मजल्यावरही जाते. आज यांच्याशी भांडताना वरचा नकाशा मी पहिल्यांदा नीट बघितला. लेकीची एक खोली, पाहुण्यांची एक, यांच्या पुस्तकांची एक, आणि आमची दोघांची एक, तिच्यात इस्त्रीचं टेबल; माझी एकटीची एकही नाही. नकाशा दुरुस्तीला चाललाच आहे. सासूबाई विचारताहेत, मी गप्प बसून किती वेळ झाला, तू अजून काय लिहितेस. पत्ता, म्हणून सांगितलंय. — सूनबाई.)